सोऱ्या कुणाचा?

‘नाहीये’ आणि ‘सापडत नाहीये’ या दोन वाक्यांत फरक आहे, हे मराठी नवऱ्याला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं आणि पंचवीस वर्षांनंतरही ते त्याला पटलेलं नसतं. नवरा फडताळ उघडतो, कशालाही हात न लावता वरपासून खालपर्यंत एक नजर टाकतो आणि ‘हिंग नाहीये गं!’ असा निकाल देऊन मोकळा होतो. आतून ‘दुसऱ्या फळीवर, मेथीच्या डब्यामागे’ असा पत्ता येतो. नवरा पुन्हा पाहतो. दुसऱ्या फळीवर मेथीचा डबा असतो, हे त्याला मान्य असतं. पण मागे पाहायचं म्हणजे डबा हलवायला हवा, आणि डबा हलवायचा असं पत्त्यात कुठं म्हटलंय? शेवटी बायको ओले हात पदराला पुसत येते, न बघता आत हात घालते आणि हिंगाची डबी नवऱ्याच्या नाकासमोर धरते. यापुढचा संवाद सर्व घरांत एकसारखा असल्यामुळे इथे देत नाही.

हा दोष फक्त नवरेमंडळींचा, असा माझा बरीच वर्षं समज होता. पोटापाण्यासाठी ज्याच्याशी माझा रोजचा संबंध येतो, त्या नोड नामक इसमानं तो दूर केला. नोड हा खरं तर इसम नव्हे. जावास्क्रिप्ट भाषेतले प्रोग्रॅम ब्राउझरच्या बाहेर चालवणारी ती एक यंत्रणा आहे. पण एकंदर स्वभाव पाहता मी त्याला पुल्लिंगीच धरतो. सकाळी चहाचा कप शेजारी ठेवून मी प्रोग्रॅम सुरू करावा, आणि यानं काळ्या पडद्यावर ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ एवढं म्हणून हात वर करावेत! मॉड्यूल तिथं असतं. फोल्डर उघडून मी ते या चर्मचक्षूंनी पाहिलेलं असतं. पण याचं आपलं एकच: नाहीये गं!

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही अशा सुदैवी वाचकांसाठी थोडं मागं जायला हवं. मॉड्यूल म्हणजे दुसऱ्याला उसनी देता येईल अशी फाइल. एकानं तारीख नीट लिहिण्याची युक्ती करून ठेवायची, दुसऱ्यानं ती इम्पोर्ट करायची, म्हणजे मागून आणायची. अशा काही फाइलींचं गाठोडं बांधलं आणि त्यावर नाव घातलं, की झालं पॅकेज. जावास्क्रिप्टचा जन्म झाला तेव्हा ही उसनवारीची सोयच नव्हती. ब्रेंडन आइक या गृहस्थांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपसाठी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. दहा दिवसांत आपल्याकडे गणपती बसून विसर्जनही होतं, तेव्हा घाईत एखादी गोष्ट राहून गेली तर दोष देण्यात अर्थ नाही. पुढं २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणला, २०१० मध्ये एनपीएम नावाचं कोठार उघडलं, आणि इतकी वर्षं न झालेली उसनवारी सगळ्यांनी एकदम भरून काढली. कुणीही काहीही घरी करीनासं झालं. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरण्याचं ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज होतं. मार्च २०१६ मध्ये त्याच्या कर्त्यानं एका नावावरून झालेल्या वादात ते कोठारातून काढून घेतलं, तर जगभरच्या मातब्बर कंपन्यांची कामं अडली. अकरा ओळी! शेजारून वाटीभर साखर आणणारी घरं मी पाहिली आहेत, पण इथं सगळ्या आळीत मीठ एकाच घरी होतं आणि ते घर गावाला गेलं होतं.

आता हा नोड शोधतो कसा, ते ऐका. ज्या फाइलीनं मागणी केली ती ज्या खोलीत बसली असेल, त्या खोलीत ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचं कपाट आहे का ते तो आधी बघतो. कपाट नसेल, किंवा असून त्यात वस्तू नसेल, तर तो एक जिना चढून वरच्या मजल्यावर जातो. तिथलं कपाट बघतो. पुन्हा जिना. असं करत करत थेट गच्चीपर्यंत. गच्चीवरही नसलं, की हात वर. या शोधात तो कधीही समोरच्या बिऱ्हाडात डोकावणार नाही. वस्तू उघड्या दारातून दिसत असली तरी नाही. समोर बघायचं नाही, वर बघायचं, अशी त्याची शिस्त. खालमुंड्या माणसांबद्दल आपल्याकडे म्हण आहे. या वरमुंड्याबद्दलही एखादी असायला हरकत नव्हती. गंमत म्हणजे खुद्द रायन डाल यांनी २०१८ मध्ये बर्लिनला, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी जिथं नोड पहिल्यांदा लोकांपुढं मांडला त्याच गावी, व्यासपीठावरून आपल्या दहा पश्चात्तापांची यादी वाचली. त्यात हे कपाट होतं. वाडा बांधणाऱ्यानं वास्तुशांतीनंतर नवव्या वर्षी पाहुण्यांना बोलावून ‘जिना चुकलाच’ असं सांगण्याची प्रथा आपल्याकडे नाही. असती, तर पुण्याच्या पेठांतून रोज एक समारंभ झाला असता.

इथवर निभावून जातं. कारण पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅमचं बिऱ्हाड वेगळं असायचं. पण पुढं कुणाच्या तरी मनात आलं की एवढी वेगळी बिऱ्हाडं कशाला, सगळ्यांना एका छपराखाली आणू. झालं, एकत्र कुटुंब! याला वर्कस्पेस म्हणतात. यार्ननं ही सोय २०१७ मध्ये दिली, एनपीएमनं २०२० मध्ये आपल्या सातव्या आवृत्तीत. आमच्या ऑफिसच्या वाड्यात अशी त्रेचाळीस पॅकेजं नांदतात. पावती, हिशोब, ग्राहक, बटणं, रंग, असे सगळे चुलत-मावस भाऊ. एकत्र कुटुंबाचा मोठा फायदा हा, की कुणाचीही वस्तू कुणालाही हाताशी असते. तोटाही तोच.

पहिलं भांडण होतं नावावरून. वर्कस्पेसमध्ये प्रत्येक पॅकेज असतं आपापल्या खोलीत, पण गच्चीवरच्या सामायिक कपाटात त्याच्या नावाची पाटी लावून ठेवतात: ‘अमुक हवे असल्यास खाली डावीकडे तिसऱ्या खोलीत पाहावे.’ नोड वरच बघणारा, तेव्हा वर पाटी लावली की त्याचं समाधान होतं. पण पाटीवरचं नाव खोलीवरून घेत नाहीत. ते घेतात पॅकेज डॉट जेसन या कागदावरून. हा कागद म्हणजे पॅकेजचं रेशनकार्ड. आपल्याकडे एखादी आत्या घरी बेबी असते, शाळेच्या दाखल्यावर सुनंदा असते, आणि लग्नात तांदळावर तिसरंच नाव लिहिलेलं असतं. सगळ्यांना ती बेबीआत्या म्हणूनच ठाऊक. पण रेशनच्या दुकानात जाऊन ‘बेबीआत्याची साखर द्या’ म्हणून बघा! खोलीवर लिहिलंय ‘पावती’, कार्डावर आहे ‘पावती-छपाई’, आणि मागणारा मागतोय ‘पावती’. नोड शांतपणे सांगतो, या नावाचं कुणी इथं राहत नाही.

दुसरं भांडण अक्षरांवरून. इंग्रजीत मोठी आणि लहान अशी दुहेरी लिपी आहे. आपल्या पूर्वजांनी हा व्याप देवनागरीत केला नाही, याबद्दल त्यांचे पाय धरावेत तेवढे थोडे. पण पूर्वजांनी ऱ्हस्व-दीर्घ ठेवलंच, तेव्हा दुःख कळायला अडचण पडू नये. विंडोज आणि मॅक ही यंत्रं एरवीच्या वहिवाटीत मोठ्या-लहान अक्षरांत भेद करीत नाहीत. ‘शिर’ लिहा, ‘शीर’ लिहा, भावना पोचली ना? मग झालं. पण आपला प्रोग्रॅम शेवटी जिथं चालायचा, तो सर्व्हर बहुतेक वेळा लिनक्सचा. आणि लिनक्स म्हणजे शाळेतले मराठीचे गुरुजी. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, यांतलं तुला नेमकं काय हवं आहे? त्यामुळे मुलगा घरी पहिला येतो आणि बोर्डात नापास होतो. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’ हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं विलापगीत आहे. त्यातली निम्मी कडवी या गुरुजींमुळे रचली गेली असावीत.

मागण्याच्या रीतीही दोन, आणि दोन पिढ्यांसारख्या एकमेकींवर रुसलेल्या. २००९ पासूनची जुनी रीत सैल. तुम्ही फाइलीचं नुसतं नाव घ्या, पुढं ‘जेएस’ लावून ती स्वतःच बघेल, नाही जमलं तर ‘जेसन’ लावून बघेल, फोल्डर निघालं तर आत शिरून ‘इंडेक्स’ नावाचं कुणी आहे का विचारेल. २०१५ मध्ये भाषेतच आलेली नवी रीत मात्र नोडच्या घरात कडक सोवळ्यात वागते. घरातल्या घरात फाइल मागायची, तरी आडनावासकट मागायची. ‘तारीख’ म्हटलेलं चालायचं नाही, ‘तारीख डॉट जेएस’. जुन्या रीतीच्या फाइलीनं नव्या रीतीच्या फाइलीला हाक मारली, तर पुष्कळ वर्षं नोड अंगावर धावून यायचा. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या २२.१२ या आवृत्तीपासून काही अटींवर ही हाक मारू देतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुनेला नावानं हाक मारू दिली, त्यातलाच प्रकार.

टाइपस्क्रिप्टबद्दल मी फार बोलणार नाही, कारण आमच्याकडे त्याचे भक्त पुष्कळ. टाइपस्क्रिप्ट म्हणजे लग्नाआधी पत्रिका बघणारे ज्योतिषी. छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळतात, कुठंही लाल रेघ नाही. त्यांच्या वहीत तुम्ही ‘पाथ्स’ या सदराखाली एखादं टोपणनाव लिहून ठेवा, ते त्यांना तोंडपाठ असतं. पण संसार करायचा नोडनं, आणि नोडला ती वही कुणी दाखवलेलीच नसते. टोपणनाव तसंच्या तसं त्याच्यापुढं येतं आणि तो विचारतो, कोण हे? तोवर ज्योतिषी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेलेले असतात.

एका घरात रिॲक्टच्या दोन प्रती शिरल्या, म्हणजे दोन कर्ते पुरुष झाले, की काय होतं तेही सांगितलं असतं. पण ज्यांच्या घरी वाटण्या झाल्या आहेत त्यांना ते ठाऊकच आहे.

ही सगळी भांडणं मी आनंदानं सोडवतो. खोटं कशाला बोलू, मला त्यात रस आहे. हरवलेली वस्तू सापडली की बायकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो या वयात अनुभवायला मिळणं हेही काही कमी नाही. पण एक भांडण असं आहे, की त्यात मला रस वाटत नाही, राग येतो. आणि त्याला कारण आमच्या वाड्यातला सोऱ्या.

मी सात-आठ वर्षांचा असेन. चार चुलते, एक वाडा, एक स्वयंपाकघर. पुढं घर लहान पडायला लागलं, तेव्हा थोरल्या काकूंचं बिऱ्हाड श्रावणात कोथरूडला हललं. वाटणी अगदी गोडीगुलाबीची. काकूंनी आपल्या माहेरून आलेली भांडी तेवढी नेली, वर जाताना सगळ्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं. त्यांनी काही गैर केलं नाही, हे आजही सगळे मान्य करतील. मग दिवाळी आली. चकलीची भाजणी आईकडे होती. आईनं पहाटे उठून मोहन घातलं, पीठ मळलं, ओलं फडकं झाकून ठेवलं आणि फडताळातल्या नेहमीच्या जागी हात घातला. सोऱ्या नव्हता. जन्मभर ज्याला ‘आपला सोऱ्या’ म्हटलं, तो काकूंचा होता, हे त्या दिवशी कळलं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत कुणाला कळलं नव्हतं, कारण चकल्या काही रोज होत नाहीत.

आता यात आईचा दोष काय? पण पीठ आईनं मळलं होतं. सोऱ्या नाही हे आईच्या हाताला कळलं. त्यामुळे आजीनं जे बोलायचं ते आईलाच बोलून घेतलं. ‘पीठ भिजवण्याआधी बघायला नको का?’ म्हणून. काकू कोथरूडला होत्या. सोऱ्या नेमका कुणाचा, याची नोंद न ठेवणारे आजोबा ओटीवर पेपर वाचत होते. वडील सायकल काढून कोथरूडला गेले आणि दोन तासांनी सोऱ्या घेऊन आले. चकल्या झाल्या. आई त्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही.

नोडच्या वाड्यात हे रोज होतं. एकत्र कुटुंबात एनपीएम एक काटकसर करतं. एखाद्या पॅकेजला बाहेरची वस्तू हवी असली, की ती शक्यतो त्याच्या खोलीत न ठेवता गच्चीवरच्या सामायिक कपाटात नेऊन ठेवतं, म्हणजे चौघांना हवी असली तरी एकच पुरते. वस्तू असते हिशोबाच्या यादीतली. पण ठेवली गच्चीवर, आणि नोड तर गच्चीपर्यंत जाणारच! त्यामुळे पावतीच्या यादीत ती नसली तरी पावतीला ती बिनबोभाट मिळते. वर्षानुवर्षं मिळते. मग एक दिवस हिशोबाला ती नकोशी होते, तो आपल्या यादीतून काढून टाकतो, एनपीएम गच्चीवरून उचलून नेतं, आणि ओरड होते पावतीच्या घरात. इंग्रजीत अशा वस्तूला भुताटकीचं नाव दिलं आहे. भूत कसलं? सोऱ्या आहे तो.

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी बार्शीहून एक मुलगी नवी लागली. सहा महिने उमेदवारीचे, त्यातले तीन आठवडे झाले होते. पहिलंच स्वतंत्र काम मिळालं ते असं: पावतीवर ‘दिनांक’ छापून येतो तिथं ‘पावतीचा दिनांक’ यावं. गुरुवारी दुपारी तिनं तो शब्द घालून बदल पाठवला, आणि सर्व्हरवरची तपासणी लाल झाली. कॅनॉट फाइंड मॉड्यूल. शुक्रवारी नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जायची होती. मॅनेजरनं साठ लोकांच्या ग्रुपवर विचारलं, ‘पावती कुणी मोडली?’ आणि यंत्रानंच तिथं मुलीचं नाव छापून ठेवलेलं. तिच्या स्वतःच्या मशीनवर सगळं चालत होतं, म्हणून तिनं भीत भीत तसं सांगितलं. तर जाणकारांनी आमच्याकडचा रामबाण उपाय सुचवला: ‘नोड मॉड्यूल्स उडव आणि परत इन्स्टॉल कर.’ हा उपाय म्हणजे आमचा अंगारा. पडसं असो, काडीमोड असो, आधी अंगारा लावायचा. तिनं लावला. तिच्या मशीनवर जुन्या कपाटात उरलेली ती वस्तू होती, तीही त्यानं गेली, आणि आता तिच्याकडेही चालेना. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली.

संध्याकाळी मी पाण्याची बाटली भरायला निघालो, तर ही जिन्यात उभी राहून फोनवर आईशी बोलत होती. ‘मला नाही जमणार बहुतेक हे,’ एवढं एकच वाक्य माझ्या कानावर पडलं. डबा तसाच टेबलावर होता. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली.

‘सर, माझ्यामुळे सगळ्यांचं अडलंय.’

‘काय बदललंस तू?’

‘एक शब्द.’

‘बास? इम्पोर्टला हात लावलास?’

‘नाही हो सर. वरच्या ओळी मी वाचल्यासुद्धा नव्हत्या आधी. आता पाठ झाल्यात.’

‘मग शब्दानं सोऱ्या हरवत नाही.’

‘काय हरवत नाही?’

‘काही नाही. पावतीचं पॅकेज डॉट जेसन उघड आणि तारखेचं ते पॅकेज यादीत कुठं आहे ते दाखव मला.’

तिनं यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. ‘सर, यादीत नाहीच आहे. मग आजवर चाललं कसं?’

हा प्रश्न त्या दिवशी साठ लोकांतून पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. पुढं मला काही सांगावं लागलं नाही. लॉक फाइल नावाची एक चोपडी असते, तीत कुठली वस्तू कुठल्या आवृत्तीची आणि कुठं ठेवली हे सगळं लिहिलेलं असतं. तिच्या जुन्या प्रती तिनं मागं मागं चाळत नेल्या. दहा दिवसांपूर्वीपर्यंत वस्तू गच्चीवर होती, हिशोबाच्या नावावर. दहा दिवसांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्यानं ‘आता लागत नाही’ म्हणून ती हिशोबाच्या यादीतून काढली, आणि वाडा स्वच्छ केल्याबद्दल त्याच ग्रुपवर त्याला चौदा अंगठे मिळाले. त्याचंही काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे ज्या पॅकेजला हात लागेल तेवढंच पुन्हा तपासतात, अशी काटकसर आहे. हात लागला होता हिशोबाला, आणि यादीवरून पाहता पावतीचा त्या वस्तूशी काही संबंधच नव्हता. म्हणून दहा दिवस कुणाला कळलं नाही. पीठ मळलं गेलं ते गुरुवारी. आणि मुळात यादीत न घालता ती इम्पोर्टची ओळ लिहिणारे गृहस्थ? ओळ चार वर्षांपूर्वीची निघाली. ते आता टोरांटोला असतात. तिकडे त्यांच्या चकल्या कशा होतात, कल्पना नाही.

‘एकच ओळ घालायची ना सर? पण नवी आवृत्ती नको घालायला. चोपडीत होती तीच घालते. नाहीतर तारखा वेगळ्या छापल्या जातील आणि सोमवारी परत माझंच नाव येईल.’

हे मला सुचलं नसतं असं नाही. पण तिला आधी सुचलं. तिनं एनपीएमला पावती वर्कस्पेसचं नाव सांगून ती वस्तू इन्स्टॉल करायला लावली, यादीत ओळ आली, बदल पाठवला. पाच मिनिटं आम्ही दोघं पडद्याकडे, पापडावरची उन्हं कधी हलतात बघत बसावं तसे बसलो. हिरवं झालं. ग्रुपवर मॅनेजरचा ‘छान, प्रश्न मिटला’ असा निरोप आला. त्याखाली मी लिहिलं, की पावतीत केलेला बदल बरोबरच होता, यादीतली ओळ चार वर्षांपासून नव्हती, आणि ती कुणालाही दिसली नव्हती ती नव्या मुलीनं शोधली. याला तीन अंगठे मिळाले. त्यातला एक माझा.

यावर कायमचा उपाय आहे, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पीएनपीएम नावाची एक शिस्तीची गृहिणी आहे. ती खरा माल एकाच कोठीत ठेवते आणि प्रत्येक खोलीच्या कपाटात त्या खोलीच्या यादीत असेल तेवढ्याचीच पाटी लावते. यादीत नाही? मग मिळणार नाही, आजच कळू दे. तिला घरात आणावं की नाही यावर आमच्या आजवर चार मीटिंगा झाल्या, आणि चारही वेळा ‘पुढच्या तिमाहीत’ असं ठरलं. कारण उघड आहे. ती आली तर पहिल्याच दिवशी कुणाकडे कुणाचा सोऱ्या आहे ते सगळं बाहेर येईल.

साडेसात वाजले होते. मी म्हटलं, ‘चल, झालं. डबा खा आता.’ तिनं डबा उघडला खरा, पण डावीकडच्या पडद्यावर ‘ग्राहक’चं पॅकेज डॉट जेसन उघडून ठेवलं आणि उजवीकडे त्याची इम्पोर्टं. एक घास, एक ओळ. ‘सर, हिच्यातही दोन नाहीयेत यादीत.’ मग ‘बटणं’ उघडलं, तिथं एक. ‘रंग’ बरोबर निघालं. त्रेचाळीस पॅकेजं आहेत हे मी तिला सांगितलं. ‘हो, मोजली मी,’ ती म्हणाली, आणि वहीत उभ्या रेघा मारून रकाने आखायला लागली: वस्तू, वापरतो कोण, यादी कुणाची.

सातव्या पॅकेजपाशी मॅनेजरचा तिलाच निरोप आला, हे आजच करायची गरज आहे का म्हणून. तिनं तो वाचला. पोळीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली आणि आठवं उघडलं.